धाकलीबायचं माप

मी चार दिवसांसाठी गावी आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका एकच विचारतात, "समुद्र पाहिला का गं?" समुद्र मी नीट पाहिलाच नाही. पाहिली ती खाडी, आणि तीही बहुतेक डोळे मिटून. पण विचारताहेत तर सांगते. आमचं गाव वणीकडचं, काळ्या मातीचं, कापसाचं. तिथून पनवेलला आजवर कुणी गेलेलं नाही. मी गेले तीही देवदर्शनाला नाही. म्हाताऱ्या बायकांची उंची मोजायला गेले.

माझं शिक्षण चौथी. पाचवीचं पुस्तक घरात आलं होतं, पण ते उघडायच्या आत लग्न झालं, आणि लग्न तीन वर्षांत संपलं. मग मामांनी मला पुण्याला एका बाईंकडे स्वैपाकाला पोचवलं. बाई डॉक्टर. एकट्या राहणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. एक दिवस त्यांनी मी लिहिलेली वाण्याची यादी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "सरू, पोळ्या कुणीही लाटेल. अक्षर असं कुणाचं असतं? तू माझ्याबरोबर चल." या एका वाक्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याच वाक्याची मला सदा भीतीही वाटे. काही चुकलं, बाईंनी नको म्हटलं, तर परत दिराच्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत.

बाईंचं काम असं: पन्नाशी उलटलेल्या बायकांना भेटायचं आणि त्यांच्या तब्येतीची पाहणी करायची. "बाळंतपणं होईतो बाईची विचारपूस होते," त्या म्हणायच्या. "पुढे तीस वर्षं ती जगते. तेव्हा ती काय खाते, किती उचलते, तिला कुठे दुखतं, हे कुणी लिहून ठेवलंय? कुठेच नाही. आपण लिहायचं." म्हणजे मी लिहायचं. नाव, अंदाजे वय, मुलं किती झाली, किती राहिली, डोक्यावर काय वाहते, जेवायला कितवी बसते. काट्यावर वजन, फितीने उंची. बाई तपासणार, मी लिहिणार. आणि एक ताकीद: "जे नाही ते लिहायचं नाही. कळलं नाही तर 'कळलं नाही' लिही."

पनवेल

शिमगा नुकताच झाला होता. खंडाळ्याचा घाट एस.टी.ने उतरताना मी तीनदा ओकले, तेवढं सांगून घाट संपवते. पनवेलला उतरले तर हवाच ओली. अंगावर कुणी धुतलेलं लुगडं न पिळता टाकावं तशी. बाजारात सुकी मासळी, मीठ, भाताची पोती, आणि त्या सगळ्याचा मिळून एक वास, जो माझ्या केसांतून आठ दिवस गेला नाही.

आमचा मुक्काम आमिनाबींच्या घरी होता. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, घर मोठं आणि रिकामं. बाईंनी त्यांची पुढची खोली तपासणीसाठी घेतली होती. मुसलमानाच्या घरी राहायचं म्हणून मी उंबऱ्यातच घुटमळले. आमच्याकडे पाणीसुद्धा वेगळं. आमिनाबींनी ते ओळखलं असावं.

"पोरी, उंबरा झिजायचा ना," त्या म्हणाल्या. "आत ये. चूल वेगली पायजे तर परसात मांडून देतंय. मातर भूक तर एकच हाय ना?"

बाई आत जाऊन जेवायला बसल्यासुद्धा होत्या. मीही बसले. तांदळाची भाकरी पहिल्यांदाच खाल्ली. आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी ती तोंडात भांडत नाही, पण तासाभरात पोट पुन्हा विचारायला लागतं. कालवणात एक नांगी होती. मी ताटावरून उडालेच. "चिंबोरी हाय, मेलीय कवाच," आमिनाबी म्हणाल्या आणि हसून हसून खोकल्या. मी रस्सा तेवढा खाल्ला. तो फार चांगला होता, हे इथे लिहायला हरकत नाही.

बाईंनी खोलीत टेबल मांडलं, उकळायचं भांडं ठेवलं आणि ट्रंकेतून एक डबा काढला. त्यात रबरी कड्या होत्या, लहानमोठ्या. "या कशाच्या?" मी विचारलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पुष्कळ बाळंतपणं झाली, आणि ओल्या अंगानेच बाई ओझी उचलायला लागली, की गर्भाशय खाली उतरतं. आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' म्हणतात, कुजबुजत. माझ्या आईलाही होतं. ती चुलीशी उकिडवी बसायची ते तेवढ्यासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. आतून योग्य मापाची कडी बसवली तर ते वरच राहतं. "एवढंच?" मी म्हणाले. "एवढंच," बाई म्हणाल्या. "पण बाईने सांगायला तर हवं."

खाडीपलीकडे

दुसऱ्या दिवशी होडीतून निघालो. जासईच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे, नाव देत नाही. सगळं गाव मिठागरावर राबतं. होडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगते: घराची जमीन हलत असेल आणि खाली पाणी असेल तर कसं वाटेल, तसं. दोन्ही हातांनी मी कड धरली होती. होडीवाला म्हणाला, "बाय, ती कड सोड, तुज्या धरन्यानं नाय तरंगत ती." बाई पुस्तक वाचत होत्या.

ओहोटी लागली होती, त्यामुळे होडी काठापर्यंत जाईना. पुढे चिखल. बाईंनी लुगडं खोचलं आणि सरळ उतरल्या. मी उतरले आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. पाय काढायला वाकले आणि कमरेला खोचलेली मापाची फीत चिखलात पडली. मी हात घातला, कोपरापर्यंत घातला. चिखल गरम होता आणि आत काहीतरी वळवळत होतं. मी किंचाळून हात काढला. फीत गेली.

बाई पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना सांगावं की नाही? नवी कोरी फीत, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला ते नवे सेंटीमीटर, त्यांनी मुद्दाम मुंबईहून आणवलेली. मी नाही सांगितलं. या गोष्टीतलं पुढचं सगळं त्या न सांगण्यातून झालं.

गावात पाणी प्यायचं तर मैलभरावरच्या विहिरीवरून आणायचं, आणि आणणाऱ्या सगळ्या बायकाच. बाजूला मिठाच्या राशी, पांढऱ्याशुभ्र, उन्हात डोळे दिपवणाऱ्या. बायका त्या टोपल्यांनी भरून डोक्यावरून बांधापर्यंत वाहत होत्या. त्यांच्या टाचा फुटलेल्या, आणि त्या भेगांत मीठ. मी विचारलं, "झोंबत नाही?" एकजण म्हणाली, "पयले दोन म्हैने झोंबतंय. मंग पायच इसरतात."

धाकलीबाय तिथेच भेटली. नाव धाकली, वय सत्तरीच्या आसपास. आठ बाळंतपणं, त्यांतली तीन मिठाच्या हंगामात. टोपली उचलण्याआधी ती क्षणभर खाली बसायची, हात लुगड्याआड जायचा, आणि मग उठायची. बाईंनी ते लांबूनच पाहिलं. ती टोपली टाकून आली तेव्हा बाईंनी तिला सावलीत बसवलं आणि हळूच विचारलं. ती आधी हसली, मग खाली बघत राहिली.

"ईस वर्सं झाली," ती म्हणाली. "खोकलंय का येतंय भायेर. फडका बांधतंय. सांगाचं कुनाला? ल्योकाला?"

तिच्या घरात लुगड्याचा पडदा लावून बाईंनी तपासलं. "बरं होण्यासारखं आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "कडी पनवेलला आहे. उद्या आमच्याबरोबर होडीतून चल. संध्याकाळच्या आत परत." धाकलीबाय सुनेला म्हणाली, "हिरा, उद्या पानी तू एकटीच आन गो." ती येणार होती.

मग माझं काम. वजन झालं. उंचीची वेळ आली. बाई शेजारच्या घरी तपासायला गेलेल्या. माझ्याकडे फीत नाही. मला एक युक्ती सुचली, आणि आपल्याला युक्ती सुचली याचा आनंदही झाला. दारात काथ्याची दोरी पडली होती. दोरीने माप घ्यायचं, कापायचं, टोकाला नावाची चिठ्ठी बांधायची, आणि पनवेलला आमिनाबींच्या आळीतल्या शिंप्याच्या फितीवर मोजायचं. कुणाला कळणारही नाही. धाकलीबायची पाठ वाकलेली, भिंतीला टेकून ती सरळ उभी राहीना. मी म्हटलं, "आजी, चटईवर आडवी हो." ती झाली. मी डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी ताणली आणि कोयत्याने कापली.

दारात सात-आठ बायका होत्या. एकदम शांत झाल्या. मला वाटलं, माझी युक्ती पाहून. मी म्हणाले, "आता कोण?" कुणीच आलं नाही. एकेक करून निघून गेल्या. हिराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगीचच "काय झालं?" म्हणाले. तीही आत गेली.

दुसरा दिवस

आम्ही शाळेच्या खोलीत राहिलो होतो. सकाळी भरती बघून होडी निघायची होती. धाकलीबाय आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या, मी मागे. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. काल दुपारपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. नाकातली नथ काढून तिने सुनेच्या हातावर ठेवली होती.

"ताप नाही," बाई नाडी पाहून म्हणाल्या. "पोट मऊ आहे. आजी, काय होतंय?"

"काय नाय होत. जा तुमी."

बाईंना काही उमजेना. मी बाहेर आले तर हिरा हंडा घासत होती, राखेने, जोरजोरात, आणि रडत होती.

"तू कनाला मापलीस गो तिला?" ती म्हणाली. "आमच्यात मेलेल्याला मापतात. दोरी धरून, डोक्यापासून टाचेपोत. ती कापाची, आनि तिच्या मापानं तिरडीचे बांबू तोराचे. जित्या मानसाला कोन नाय मापत. झोपवून तर नायच. आता ती बोलतंय, माजी दोरी कापली, मी आता जातंय."

आमच्याकडे असं काही नाही. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवालाही सुताने मापतात. मला काय ठाऊक? पण ठाऊक नसण्याने म्हातारी जेवणार नव्हती. तीन दिवस, चार दिवस, आणि मी एक माणूस मारलं असतं, वर दोरीच्या टोकाला त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून.

बाईंना सांगायला मी चार वेळा तोंड उघडलं. पाचव्यांदा सांगितलं. फीत, चिखल, दोरी, सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फीत हरवली हे कालच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची."

मला वाटलं, आता म्हणतील, तू परत जा. त्या म्हणाल्या, "चल," आणि घरात शिरल्या.

पुढचा तास बाईंनी म्हातारीला सगळं समजावलं. उंची कशासाठी लागते, माणूस म्हातारपणी आखूड होतं, दोरीत काही नसतं. धाकलीबायने सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा तोंड वळवलं.

"तुला कोन मापलंय कंदी?" तिने विचारलं.

"मला? कुणी नाही."

"मंग तुना काय ठावं, दोरीत काय हाय नि काय नाय?"

बाईंनी चटई ओढली आणि तिच्यावर आडव्या झाल्या. पांढरं लुगडं नीट केलं आणि हात बाजूला ठेवले.

"माप," त्या म्हणाल्या.

दारात पुन्हा बायका जमल्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी "बाई, नको!" म्हणून ओरडले. खरंच सांगते, मला त्या दोरीची भीती हिराइतकीच वाटत होती.

धाकलीबाय उठून बसली. कालपासून पहिल्यांदा. भिंतीला धरून आली, दुसरी दोरी घेतली, बाईंच्या डोक्याशी धरली आणि टाचेपर्यंत सरकत सरकत नेली.

"लांब हायस," ती म्हणाली. "बांबू लांब लागल."

"मग कापा."

"कापू?"

"कापा म्हटलं ना."

तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग कापली. बाहेरच्या बायकांपैकी एक "आई गो" म्हणाली. बाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिरा, मला भूक लागली आहे. भाकरी आहे का?"

हिराने भाकरी आणि सुकटाची चटणी आणली. बाई मांडी घालून जेवायला लागल्या. धाकलीबाय समोर बसून बघत होती. एक घास, दुसरा घास. जणू बाई आत्ता पडतील, मग पडतील. बाईंनी अर्धी भाकरी संपवली आणि पाणी मागितलं.

"मापल्यावर बी घास गोर लागतंय?" धाकलीबायने विचारलं.

"चटणी तिखट आहे," बाई म्हणाल्या. "बघा खाऊन."

म्हातारीने उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला. हिरा तोंडात पदर घालून मागे वळली.

पुन्हा होडीत

आता तुम्ही म्हणाल, झालं, भीती गेली. माझी नव्हती गेली. होडीत दोन मापलेल्या बायका, मधे मी, आणि दोन्ही दोऱ्या माझ्या पिशवीत, कारण बाईंनी सांगितलं होतं, "टाकू नकोस, दोन्ही मोजून तक्त्यात लिही. माझंही लिही." खाडीच्या मध्यात वारा सुटला. एक लाट आत आली आणि माझ्या मांडीवर पडली. मी मनात म्हटलं, दोघींना न्यायचं ठरलंय, मी आयती सापडले. पिशवी पाण्यात टाकावी असं दहादा वाटलं. पण पुन्हा काही हरवायची हिंमत नव्हती. धाकलीबायने माझा हात धरला. तिचा हात मिठाने खडबडीत, गोणपाटासारखा.

"भिऊ नको, लिवनारे," ती म्हणाली. "तुना नाय कुनी मापली."

होडीवाला एवढा हसला, की त्याने वल्हं मारायचं क्षणभर सोडलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

आमिनाबींची खोली

आमिनाबींनी पाणी उकळून ठेवलं होतं. धाकलीबाय टेबल बघून दारातच थांबली. "मेल्यावर यापरीस उच ठेवीत नाय," ती म्हणाली. आमिनाबींनी तिला दंडाला धरून आत आणलं. दोघी एकमेकींना चाचपून बघत होत्या, एवढ्या जवळ राहून कधीच भेटल्या नव्हत्या. "मला बी होता," आमिनाबी तिच्या कानाशी म्हणाल्या. "या बाईनं मागल्या येलेला बसवलान. आता जिना चरतंय नि उतरतंय." बाईंनी ऐकलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. मग आमिनाबी दार ओढून बाहेर बसल्या.

पहिली कडी लहान पडली. धाकलीबाय उठून उभी राहिली, आणि ती निसटली. म्हातारीने डोळे मिटले. "बोललंव ना," ती पुटपुटली. "कापलेली दोरी नाय जोरत." बाईंनी हात धुतले, डब्यातून दुसरी काढली, उकळत्या पाण्यात टाकली. थांबायचं होतं तेवढा वेळ थांबल्या. त्या वेळात खोलीत फक्त पाण्याचा आवाज होता, आणि मी देवाला एवढंच म्हणत होते, की माझी चूक हिच्या अंगावर काढू नको. मला काय करायचं ते कर.

दुसरी बसली. बाईंनी सांगितलं, तीन महिन्यांनी काढून धुवायला मी येईन, तोवर जड उचलायचं नाही. धाकलीबायला हे शेवटचं पटलेलं दिसलं नाही. तिला हाताला धरून उभं केलं. ती पाय फाकवून, श्वास धरून उभी राहिली, भरलेला हंडा डोक्यावर असावा तशी.

"आता खोका," बाई म्हणाल्या.

"नाय."

"खोका आजी. आत्ताच कळेल."

तिने माझा हात धरला आणि चिमणीएवढा खोकली. वाट पाहिली. मग जरा मोठ्याने. पुन्हा वाट पाहिली. खाली बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मग वीस वर्षांचा खोकला एकदम काढावा तशी खोकत सुटली, वाकून, भिंतीला धरून. बाहेरून आमिनाबी दार ठोठावू लागल्या, "काय झाला? काय झाला गो तिला?"

धाकलीबाय सरळ झाली. जेवढी होता येईल तेवढी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाय आली भायेर," ती मला म्हणाली. "लिव. नाय आली."